मामांची कुलुपं आणि एक बंदूक

कोकणात वस्तू टाकून देत नाहीत, माळ्यावर टाकतात. कान तुटलेली कढई, तीन पायांचं स्टूल, आजोबांनी मुंबईहून आणलेली पत्र्याची ट्रंक, तिच्यात दुसरी लहान ट्रंक आणि तिच्यात कशाच्या कोण जाणे चाव्या. माणसं चाकरमानी होऊन मुंबईला जातात, घर बंद होतं, वस्तू मात्र गाव सोडत नाहीत. गणपतीत माळा झाडायला चढलेला माणूस दोन तासांनी खाली उतरतो तो हातात काहीतरी घेऊन, आणि काहीही न टाकता.

याला मी संग्रह म्हणणार नाही. माळ्यावरचं कुणी निवडलेलं नसतं, ते नुसतं उरलेलं असतं. संग्रह करणारा निवडतो, म्हणजे बहुतेक वस्तूंना नाही म्हणतो. आमच्या मामांनी आयुष्यभर हजार वस्तूंना नाही म्हटलं आणि कुलुपांना हो म्हटलं.

मामा एसटीत कंडक्टर होते. सावंतवाडी, वेंगुर्ला, शिरोडा हा त्यांचा पट्टा. रस्त्याच्या कडेची घरं एक एक करून बंद होताना त्यांनी गाडीच्या दारात उभं राहून बघितली. बंद घराच्या कुलपावरून त्यांना माणसं कळायची. तेल घातलेलं कुलूप म्हणजे गणपतीला येणार. गंजून कडीला चिकटलेलं म्हणजे भावाभावांत वाटणीचा दावा चालू. पुढे घरं दुरुस्त झाली, जुन्या कड्या गेल्या, त्यांबरोबर जुनी कुलुपंही. मामा ती मागून घ्यायचे. कुणी चहापाण्याचे पैसे घेई, कुणी फुकट देई, कुणी 'ह्या भंगाराचा काय करतलास?' असं विचारून मग दुप्पट भाव सांगे.

आज त्यांच्या पडवीलगतच्या खोलीत एक अख्खी भिंत कुलुपांची आहे. चावी पेचासारखी फिरवत आत न्यावी लागते ते पेचाचं कुलूप. चावीचं भोक सरकत्या पट्टीखाली लपवलेलं. दोन चाव्या लागल्याशिवाय न उघडणारं, म्हणजे दोन भागीदारांपैकी एकट्याला पेटी उघडता येऊ नये म्हणून बनवलेलं. अलिगढची पितळी कुलुपं आहेत. गोदरेजचीही आहेत, त्या कंपनीची सुरुवात १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपांपासून झाली हे मामा प्रत्येक पाहुण्याला सांगतात, पाहुण्याने विचारलं नसलं तरी. आणि या भिंतीचा एकच नियम: जा कुलूप चलना नाय, ता माझ्या भितीर नाय.

माणसं वस्तू का जमवतात याची उत्तरं बरीच दिली जातात. हौस, गुंतवणूक, इतिहासाचं प्रेम. मला त्यांतलं कुठलंच पुरं पटत नाही. बाहेरच्या जगात कंडक्टरचं फारसं चालत नाही. गाडी वेळेवर सुटत नाही, सुट्टे पैसे नसतात, बदली कुठे होणार ते वरचे ठरवतात. भिंतीवर मात्र कुठलं कुलूप कुणाशेजारी टांगायचं ते मामाच ठरवतात आणि तिथे डेपो मॅनेजरचा काही संबंध येत नाही. लहानपणी आम्ही गुंजा, कवड्या, काडेपेटीवरची चित्रं जमवायचो तेव्हाही हेच असावं. सात वर्षांच्या पोराचं घरात कुणी ऐकत नाही, पण त्याच्या डब्यातल्या कवड्या त्याने लावलेल्या रांगेतच बसतात.

दुसरं म्हणजे शोध. मिळालेल्या कुलपापेक्षा न मिळालेल्याबद्दल मामा जास्त बोलतात. गोव्यात कुठल्याशा जुन्या घराच्या तळघरात असलेलं एक कुलूप, ज्याची चावी हातभर लांब आहे म्हणे, ते त्यांना बघायलाही मिळालेलं नाही. ते कधी मिळू नये असं मला मनापासून वाटतं. माणूस रिकामा होईल.

आणि तिसरं कारण, जे बोलून दाखवायला कुणी राजी नसतं: गेलेल्या माणसाची जागा. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघायला जाणाऱ्यांतल्या कितीजणांना माहीत असतं की नावातला 'राजा' हा कुणी संस्थानिक नव्हे, तर केळकरांचा लहानपणी वारलेला मुलगा? दिनकर केळकर म्हणजे कवी अज्ञातवासी. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या घरातला हा माणूस गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, वज्री, दौती जमवत राहिला आणि १९६२ साली तो सगळा संग्रह त्यांनी राज्य शासनाच्या हवाली केला. साम्राज्यांच्या तलवारी जमवणं एकवेळ समजतं. पण बाईने टाच घासायची वज्री जपून ठेवण्यासारखी आहे हे ज्याला सुचलं, त्याचं दुःख आणि त्याची नजर दोन्ही मोठी असली पाहिजेत.

याच्या उलटा माणूस आमच्या रत्नागिरीत होऊन गेला. ब्रह्मदेशचा राजा थिबा. इंग्रजांनी त्याला १८८६ साली इथे आणून ठेवला आणि १९१६ साली तो इथेच मेला. सोबत आणलेली माणकं-जडजवाहीर एक एक करून विकत त्याने दिवस काढले. बाकीचे गोळा करत असताना हा नुसता सोडत गेला. रत्नागिरीतला थिबा पॅलेस बघताना मला सगळ्यात जास्त जाणवतं ते हेच, की तिथे काय नाही.

आता कोकणात संग्रह करण्याबद्दल दोन शब्द, कारण हे देशावरच्या लोकांना कळत नाही. इथे संग्रह म्हणजे हवेशी भांडण. चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने खारा वारा. तिकिटं अल्बमच्या पानांना आपोआप चिकटतात, त्यांना डिंक लागत नाही. पुस्तकांत कसर होते, चौकटीत वाळवी. चांदी काळी पडते, चामड्यावर बुरशीची पांढरी साय धरते, आणि लोखंडाचं तर विचारूच नका. वेंगुर्ल्यात नवी सायकल दोन पावसाळ्यांत जुनी दिसते. पुण्यातला संग्राहक वस्तू विकत घेतो आणि काचेच्या कपाटात ठेवून विसरू शकतो. इथे विसरलात की वस्तू गेली.

म्हणून मामांचं वर्ष मिरगाने मोजलं जातं. मिरगाच्या आधीच्या आठवड्यात सगळी कुलुपं खाली उतरतात. आधी रॉकेलचा हात, मग उन्हात वाळवणं, मग शिलाईमशीनच्या तेलाचा एकेक थेंब. खोबरेल चालत नाही. घरात पिंपभर असलं तरी नाही, कारण ते काही महिन्यांत घट्ट होतं, चिकट होतं आणि आतले खटके धरून बसतं. पितळेला मात्र मामा कोकमाच्या सोलांनी घासून लखलखीत करतात. जुन्या पितळेवरची काळपट झाक घालवणं हे जाणकारांच्या मते महापाप आहे. मी हे मामांना एकदा सांगितलं. त्यांनी मला सोलांचा वाडगा धरायला दिला.

त्याच भिंतीवर, कुलपांच्या वर, दाराच्या चौकटीशेजारी दोन खुंट्यांवर बंदूक आहे.

मामांच्या वडिलांची. दुनळी, ठासणीची. परवाना शेतीच्या राखणीचा. नळीच्या खालच्या अंगाला लंबगोलात बेल्जियममधल्या लिएज शहराचा चाचणीचा शिक्का आहे. एकोणिसाव्या शतकात लिएजने जगाला स्वस्त बंदुका पुरवल्या, त्यांतली एक कुठल्या तरी गलबतातून मुंबईला आणि तिथून आमच्या आजोळी आली असणार. उन्हात तिरकी धरली की नळ्यांवर पाण्यासारखे वळसे दिसतात. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, दांड्याभोवती गुंडाळून आणि ठोकून अशी नळी करत. ही नक्षी वरून काढलेली नसते, नळी घडवतानाच धातूत उतरते. अशा नळ्या काळ्या दारूसाठी बनवलेल्या. आजच्या बिनधुराच्या दारूचा जोर त्यांना सोसेलच असं नाही.

ती भरायची रीत मी लहानपणी पाहिली आहे. मापाने दारू, तिच्यावर सोडणाच्या काथ्याचा बोळा, मग गजाने ठासायचं. छर्रे घातले तर त्यांच्यावर पुन्हा बोळा. शेवटी मागच्या बोंडावर तांब्याची इवलीशी टोपी, तिला आमच्याकडे केप म्हणतात. घोडा केपवर आपटतो, ठिणगी आत जाते. दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक, हे गणित शेकडो वर्षांत फारसं बदललेलं नाही. बार काढला की नळीत जी राख उरते ती हवेतली ओल ओढून घेते आणि पोलाद खाते, म्हणून रात्री बार काढला तर त्याच रात्री गरम पाण्याने नळ्या धुवाव्या लागतात. आजोबा डोळ्यांवर झोप असताना हे करत. आजी चुलीवर पाणी ठेवताना काय बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ही बंदूक मला आवडते. आवडत नाही असं म्हणणं खोटेपणा होईल. घोडा मागे ओढताना आधी एक खटका लागतो, मग दुसरा. पहिल्या खटक्यावर चाप दाबला तरी बार उडत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने माणसाच्या चुकीसाठी तेवढी जागा ठेवली आहे. कुलूप काय आणि बंदूक काय, दोन्ही शेवटी स्प्रिंगची आणि खटक्याची करामत, आणि मामांच्या भिंतीवर त्या दोघी शेजारी बसतात यात मला काही खटकत नसे. खटकायला लागलं ते मी त्यावर विचार करायला लागल्यावर.

जगातले मोठे संग्रह बंदुकीनेच जमवले गेले आहेत, हे आधी कबूल करायला हवं. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम आपल्याला काँग्रेसचा संस्थापक म्हणून ठाऊक. पण काँग्रेस स्थापन झाली त्याच १८८५ साली त्यांनी ब्रिटिश म्युझियमला पक्षी आणि अंडी मिळून सुमारे ८०,००० नमुन्यांचा संग्रह देऊन टाकला, आणि त्या काळी पक्षी 'गोळा' करायचा म्हणजे गोळीनेच. त्यांची वर्षानुवर्षांची टिपणं सिमल्यात नोकराने रद्दीत विकली आणि त्या धक्क्याने त्यांचा पक्ष्यांतला जीवच उडाला म्हणतात. रद्दीवाल्याने पक्षीशास्त्राचं केवढं नुकसान केलं आणि राजकारणाचा केवढा फायदा, याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

सलीम अलींची गोष्ट तर मुंबईत शाळकरी पोरांनाही माहीत असते. लहानपणी हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ती घेऊन पोरगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. तिथून पुढचं आयुष्य. पण मला त्या गोष्टीचा दुसरा तुकडा जास्त जवळचा, कारण तो आमच्या किनाऱ्यावरचा आहे. १९३० च्या सुमारास हातात नोकरी नाही म्हणून सलीम अली अलिबागजवळ किहीमला येऊन राहिले आणि घराजवळच्या झाडावरच्या सुगरणींच्या वसाहतीकडे बघत तासन्‌तास बसले. नर एकामागून एक घरटी विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, हे त्यांनी तिथे बसून टिपलं. कपाटात पेंढा भरून ठेवलेल्या सुगरणीकडून हे कळलं नसतं. बंदुकीने जमवलेल्या संग्रहाने त्यांना पक्ष्यांकडे आणलं. किहीमला त्यांना बंदुकीची गरज पडली नाही.

अर्थात बंदुकीने संग्रह करणं वेगळं आणि बंदुकांचा संग्रह करणं वेगळं. दुसऱ्याला आपल्याकडे कायद्यानेच फारशी जागा ठेवलेली नाही. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवाना हवा, युरोपियनाला माफी. त्याच वर्षी पुरलेल्या धनाचाही कायदा झाला: जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवा. म्हणजे एकाच वर्षात खुंटीवरची बंदूक आणि परसातला हंडा, दोन्हींवर सरकारची नजर बसली. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत शस्त्रांचा कायदा शिथिल करा अशी मागणी होती, ती उगाच नव्हे. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, युरोपियनांची माफी गेली, परवाना राहिला. त्या कायद्यात आमच्या बंदुकीचा जवळजवळ नावाने उल्लेख आहे, की पिकाच्या राखणीसाठी तोंडाकडून ठासायच्या बंदुकीचा परवाना देता येईल. आणि डिसेंबर २०१९ मधल्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. वारसाने आलेली बंदूकही त्या दोनातच मोजायची.

दोन वस्तूंचा संग्रह होत नाही. दोन कुलपांना कुणी भिंत देत नाही.

मामांचा टेक्सासमधला मुलगा मागच्या मे महिन्यात आला होता. तो सांगत होता की त्याच्या शेजाऱ्याच्या तळघरात बंदुका ओळीने टांगलेल्या आहेत, प्रत्येकीखाली साल आणि कारखान्याचं नाव लिहिलेली पट्टी, आणि शेजारी दर रविवारी फडकं घेऊन बसतो. तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे १८९८ पर्यंत बनवलेली जुनी बंदूक ही बंदूक म्हणून धरलीच जात नाही. आपल्या कायद्याची रेघ वेगळ्या जागी आहे. इथे जुनी, पुराणवस्तू म्हणून मोल असलेली किंवा मोडकी बंदूक कायद्यातून सुटते, पण ती दुरुस्त करूनही पुन्हा उडणार नसेल तरच. त्यांनी जन्मसाल बघितलं, आपण अजून जीव आहे का ते बघितलं. मला आपली रेघ जास्त शहाणी वाटते. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजात अमेरिकेतल्या लोकांकडे ३९ कोटींहून जास्त बंदुका होत्या, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. भारतात ७ कोटींच्या आसपास, आणि त्यांतल्या नोंद झालेल्या एक कोटीहूनही कमी. हा दुसरा आकडा वाचून अमेरिकेला हसायचं धाडस मला होत नाही. आमच्याच भागात रात्री चोरून शिकारीला गेलेल्यांतला एकजण साथीदाराच्या बाराने गेल्याची बातमी अधूनमधून पेपरात असते, आणि ती बंदूक बहुतेकदा बिनपरवान्याची, ठासणीचीच असते.

तर मूळ मुद्दा. मी मामांना सुचवलं होतं की बंदूक रीतसर कायमची निकामी करून घ्या. नळ्या बुजवा, मग परवाना नको, जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला खेपा नकोत, निवडणूक लागली की ठाण्यात जमा करणं नको. निकाल लागल्यावर ती परत येते तेव्हा तिच्यावर गंजाचे ठिपके असतात आणि मामा आठवडाभर कुणाशी धड बोलत नाहीत, तेही टळेल. त्यावर मामा म्हणाले, 'मगे ती बंदूक खय ऱ्हवली? दांडो झालो.'

या एका वाक्यावर मी बराच काळ अडून बसलो आहे. बंदुकांचे शौकीन, इथले असोत की टेक्सासमधले, कारागिरीबद्दल बोलतात. दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड, नळीवरचे वळसे, घोड्यावरची नक्षी, कारखान्याचं नाव. हे सगळं खरं आहे आणि मलाही भुरळ घालतं. पण नळी बुजवल्याने यातलं काहीच जात नाही. लाकूड तेच, वळसे तेच, खटकेही हवे तर चालू ठेवता येतात. जाते ती एकच गोष्ट, जीव घेण्याची ताकद. आणि ती गेल्यावर जर वस्तू दांडका होत असेल, तर इतके दिवस भिंतीवर काय टांगलेलं होतं? लाकूड आणि पोलाद तर नव्हे. शौकिनांना ही गोष्ट सांगितलेली आवडत नाही, पण मला तरी दुसरं उत्तर सापडलेलं नाही.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. तिथे चाकांवरच्या दोन इंग्रजी तोफा आहेत, यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्याचं नाव कोरलेल्या. पोरं त्यांच्यावर घोड्यासारखी बसतात, आया फोटो काढतात. जंजिऱ्याच्या कलाल बांगडी तोफेजवळही तेच. एकेकाळी जिच्या पल्ल्यात यायला गलबतं घाबरत, तिच्या तोंडात आता वेफर्सची पिशवी सापडते. याची कुणाला भीती वाटत नाही, वाटण्याचं कारणही नाही. तोफेचं काम संपलं, मग ती बघायची वस्तू झाली. मला हा क्रम योग्य वाटतो.

कामाची बंदूक मला कळते. गणपतीनंतर भात पोटरीला येतं तेव्हा रात्रीत डुकरांचा कळप शिरला तर सकाळी कुणग्यात चिखलाशिवाय काही उरत नाही. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही, त्यामुळे आमच्या बंदुकीने मागच्या कित्येक वर्षांत फक्त आवाज केला आहे. बिनछर्‍याचा बार. तेवढ्याने डुकरं त्या रात्रीपुरती दुसऱ्याच्या शेतात जातात. हल्ली पोरं प्लॅस्टिकच्या पाईपात कार्बाईड घालून आवाज काढतात, माकडांवर तोच उपाय, आणि तो पाईप मला बंदुकीपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. म्हणजे कामाची बंदूक कळते, मेलेली बंदूक कळते. या दोन्हींच्या मधली, कामावर नाही पण तेल पाजून जागी ठेवलेली, ती मला कळत नाही.

हे सगळं मी मामांसमोर मांडलं, जरा भाषणच झालं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे हात केला. 'तुझ्या हिशोबान ह्या कुलपांतय शिसा ओतूचा? तीय कामार नायत.'

बरोबर आहे. चालू कुलूप नुसतं टांगून ठेवण्यात मला काही वावगं वाटत नाही, उलट बंद पडलेलं कुलूप बघून वाईट वाटतं. संग्रह करणाऱ्याचा सगळा आनंद तिथेच आहे, वस्तू कामातून निवृत्त झाली पण मेली नाही यात. नळी बुजवलेली बंदूक काचेआड बघून कुणाला तिचा धक्का खांद्यावर कसा बसतो ते कळणार नाही, धूर कळणार नाही, धुण्याच्या पाण्याला सुटणारा गंधकाचा वास कळणार नाही. संग्रहालयं या बाबतीत मुकी असतात. एवढं मी मामांचं मान्य केलं. पण कुलपाच्या भिंतीखाली पोरं झोपली तर आईला जाग येत नाही, एवढा फरक मी सोडायला तयार नाही. आणि खुद्द त्यांच्या घरातही तो कुणी सोडलेला नाही. दारू आणि केप मामींच्या ताब्यात असतात, लोखंडी पेटीत, आणि त्या पेटीचं कुलूप मामांच्या संग्रहातलं नाही. बाजारातलं साधं कुलूप आहे. चावी मामींच्या कमरेला. शेकड्याने कुलुपं बाळगणाऱ्या माणसाला घरातलं हे एक कुलूप उघडता येत नाही, आणि ते याबद्दल कधी तक्रार करत नाहीत. खांडेनवमीला मामी बंदूक, कोयते, विळी आणि दोनचार कुलुपं एका पाटावर मांडतात, सगळ्यांना सारखंच हळदकुंकू आणि झेंडू. तेवढ्यापुरता आमचा वाद मिटतो.

मामांचं वय आता सत्तरच्या पुढे गेलं. नियमाप्रमाणे सत्तरी झाली किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली की ती वारसाच्या नावावर करायचा अर्ज करता येतो. टेक्सासवाल्याचा प्रश्नच नाही. मुंबईतला थोरला कुलुपं न्यायला तयार आहे, हॉलमध्ये छान दिसतील म्हणतो, बंदुकीचं नाव काढलं की विषय बदलतो. संग्रहाचं सगळीकडे हेच होतं. जमवणाऱ्याला एक एक वस्तू दिसत असते, वारसाला एकदम खोलीभर ढीग दिसतो.

राहिली माझी मामेबहीण. ती गावात राहते, भात लावते, काजूची बाग बघते आणि डुकरांबद्दल तिला ऐकीव नव्हे तर पक्की माहिती आहे. अर्ज तिने केला. कारणाच्या जागी शेती संरक्षण लिहिलं. मामांना वाटत होतं की कुठेतरी लिएजचा शिक्का, नळीवरचे वळसे यांचाही उल्लेख यावा. तिने तो येऊ दिला नाही. वर अट घातली, की परवाना माझ्या नावावर झाला की बंदूक पोलादी कपाटात जाणार, भिंतीवर नाही. भिंतीवरच हवी असेल तर आधी नळ्या बुजवून आणा, मग खुशाल टांगा, मी रोज पुसेन.

मामांनी दोन दिवस विचार केला आणि कपाट पसंत केलं. आता भांडण कपाटाच्या कुलपावरून चालू आहे. मामांना त्यावर आपलं दोन चाव्यांचं जुनं कुलूप हवंय, एक चावी तिच्याकडे, एक त्यांच्याकडे. ती म्हणते, डुक्कर शेतात शिरल्यावर मी दुसरी चावी मागायला येऊ काय?